लोणारचे दोन नकाशे: १० मीटर विरुद्ध ५०० मीटर (प्रगती नोंद)

लोणार परिसराच्या दोन भूआच्छादन नकाशांची (जमिनीवर कुठे झाडी, पाणी, शेती आहे हे दाखवणाऱ्या) तुलना आता प्रत्यक्ष मोजणीपर्यंत आली आहे. पहिला नकाशा युरोपीय अवकाश संस्थेचा १० मीटर पिक्सेलचा 'वर्ल्डकव्हर', तर दुसरा नासाच्या 'मोडिस' या उपग्रहावरील संवेदकाचा ५०० मीटरचा. दोन्ही २०२१ चे. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर असल्यामुळे मोडिसच्या नकाशात ते आडवे जेमतेम चार पिक्सेल भरते, आणि तळे, काठची झाडी व बाहेरची शेती यांच्या सीमा पिक्सेलच्या पोटातून जातात. तुलनेच्या पद्धती पारखायला म्हणूनच ही जागा उत्तम आहे.

सर्वाधिक वेळ वर्ग जुळवण्यात गेला. वर्ल्डकव्हरच्या वृक्षवर्गाला किमान १० टक्के वृक्षाच्छादन पुरते. मोडिस नकाशातल्या आयजीबीपी या आंतरराष्ट्रीय वर्गवारीत मात्र वनासाठी ६० टक्क्यांहून अधिक लागते आणि १० ते ३० टक्क्यांची जमीन सॅव्हानात (विरळ झाडांच्या गवताळ प्रदेशात) जाते. हे वर्ग आधी एकत्र केले नाहीत, तर व्याख्यांमधला फरक जमिनीवरचा फरक म्हणून मोजला जातो. नकाशाचे प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर मांडण्याची रीत) बदलताना 'निअरेस्ट नेबर' पद्धतच, म्हणजे सर्वांत जवळच्या पिक्सेलचा वर्ग जसाच्या तसा घेणे, वापरावी, कारण वर्गांचे आकडे ही केवळ नावे आहेत: वर्ल्डकव्हरमधील गवताळ जमीन (३०) आणि बांधकाम (५०) यांची सरासरी काढली, की नसलेली शेती (४०) उगवते.

मोठ्या पिक्सेलमध्ये २,५०० लहान पिक्सेल मावतात. समजा, त्यांत ४० टक्के पाणी, ३५ टक्के झाडी आणि २५ टक्के शेती आहे, आणि मोडिस तिथे पाणी दाखवतो. बहुमताच्या नियमाने (सर्वांत मोठा वाटा असलेला वर्गच पूर्ण पिक्सेलला देऊन) दोन्ही नकाशे पूर्ण जुळतात. प्रत्येक वर्गाचा वाटा जपला, तर जुळणी ४० टक्केच भरते. माझ्या मते दुसरे उत्तरच प्रामाणिक आहे.

एकट्या कापा गुणांकावर (योगायोगाची जुळणी वजा करून दोन नकाशांची जुळणी एका आकड्यात सांगणाऱ्या मापावर) मी विसंबत नाही. पाँटियस आणि मिलोनेस या संशोधकांनी २०११ मध्ये सुचवल्याप्रमाणे वर्गांच्या प्रमाणातला फरक आणि त्यांच्या स्थानातला फरक वेगवेगळा काढतो. वाटे जपत दोन्ही नकाशांची चौकट (तुलनेसाठी एकत्र केलेल्या पिक्सेलांचा चौकोन) १, २, ४ किलोमीटर अशी वाढवत नेली, की प्रमाणातला फरक तसाच राहतो आणि स्थानातला घटत जातो. तो कोणत्या चौकटीला झपाट्याने घसरतो, त्यावरून नकाशांची चूक किती अंतराची आहे हे समजते. हा आलेख सध्या वर्गनिहाय काढत असून, पाण्यापासून सुरुवात केली आहे.