पिन हातानं बसली पाहिजे : आमची वाटचाल

लातूरच्या एमआयडीसीत आमचं शेड आहे. काय बनवता असं कुणी विचारलं की मी सांगतो, तेलविहीर खोदायच्या मनोऱ्याचे सांधे. त्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "लातुरात तेल कुठाय हो?"

तेल नाही. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. तो किती खोल आहे हे किल्लारीच्या भूकंपानंतर मोजलं गेलं. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकीय संशोधन संस्थेनं तिथं ६१७ मीटर खोल छिद्र घेतलं. ३३८ मीटरपर्यंत नुसता पाषाण लागला, त्याखाली गाळाचा पातळ थर आणि मग जुना ग्रॅनाइटच्या जातीचा खडक. हे आकडे मी मोठेपणी वाचले. भूकंप झाला तेव्हा मी सहावीत होतो. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, गणपती बुडवून लोक नुकते झोपले होते. आमचं गाव औसा तालुक्यातलं, घर माळवदाचं. मागची भिंत गेली, माणसं वाचली. शेजारच्या गावांत काय झालं ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे.

पुढं कधीतरी आबांबरोबर किल्लारीच्या रस्त्यानं जाताना त्या खोदाईचा मनोरा लांबून दिसला होता. आबा लोहारकाम करायचे. नांगराचे फाळ शेवटायचे, बैलगाडीच्या चाकांना धावा चढवायचे. मी विचारलं, एवढं उंच वर चढून जोडलं असंल का? आबा म्हणाले, "आडवं जोडलं असंल खाली, मग उभं केलं असंल. गाडीच्या आसाला खीळ असती बघ, तशा खिळी असतील त्याला." त्यांनी आयुष्यात तेलाची विहीर पाहिली नव्हती, पण ते बरोबर बोलले होते. हे मला वीसेक वर्षांनी कळलं.

लातूरला मेकॅनिकलचा डिप्लोमा केला, पुढं संभाजीनगरला इंडो-जर्मन टूल रूममध्ये कोर्स केला आणि वाळूजला सहा वर्षं नोकरी केली. २००८ साली परत आलो. एक जुनं लेथ, एक वेल्डिंग सेट, भाड्याचं पत्र्याचं शेड. पहिलं गिऱ्हाईक बोअरवेलच्या गाड्या. या गाड्या बहुतेक तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडच्या. त्यांचा मास्ट, म्हणजे खोदाईचा मनोरा, गाडीवर आडवा असतो, भोक पाडायच्या जागी हायड्रॉलिकनं उभा होतो. दिवसातून तीन-तीनदा आडवा-उभा करून त्याच्या बिजागरीची पिन झिजते, भोक लांबट होतं. दुष्काळ पडला की गाड्या रात्रंदिवस चालायच्या आणि रात्री एकला आमच्या दारात हॉर्न वाजायचा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर. त्या उन्हाळ्यात तर आम्ही झोपलोच नाही. दुष्काळावर आपलं घर चालतंय ही गोष्ट तेव्हाही टोचायची, आजही टोचते. पण झिजलेलं भोक वाचायला मी त्याच वर्षांत शिकलो. भोक कोणत्या बाजूला लांबलंय ते पाहिलं की ओढ कुठून येते ते कळतं.

त्याच वर्षी हैदराबादच्या एका फॅब्रिकेटरकडून बोलावणं आलं. आमच्याकडच्या पिना त्यांनी कुणाच्या तरी गाडीवर पाहिल्या होत्या. लातूरहून हैदराबाद पुण्यापेक्षा लांब नाही. उदगीर, बिदर, जहिराबाद करत माणूस दुपारपर्यंत पोचतो. त्यांना जमिनीवरच्या तेल-रिगच्या, म्हणजे तेलविहीर खोदायच्या यंत्राच्या, मास्टसाठी पिना आणि कान हवे होते.

इथं थोडं समजावून सांगतो. जुनी डेरिक म्हणजे जागेवर एकेक तुकडा बोल्टांनी जोडत वर नेलेला चौपायी मनोरा. जमिनीवरच्या रिगवर आता बहुधा मास्ट असतो. चार-पाच लांब तुकडे जमिनीवर आडवे ठेवून पिनांनी जोडायचे आणि रिगच्याच विंचनं दोर ओढून अख्खा मनोरा उभा करायचा. मोठ्या रिगचा मास्ट १४२ फूट, म्हणजे ४३ मीटर उंच असतो, कारण साधारण ९ मीटरचे तीन पाइप जोडून उभे ठेवायचे असतात. हुकावर साडेतीनशे-चारशे टन लटकतात. आणि एक विहीर झाली की पिना काढायच्या, तुकडे ट्रेलरवर घालायचे, पुढच्या जागी पुन्हा जोडायचं. पूल एकदा जोडला की झालं. हा सांधा मात्र वर्षातून कितीतरी वेळा उघडतो आणि बंद होतो, तोही चिखलात, वाऱ्यात, दमलेल्या माणसांच्या हातांनी.

सांधा साधाच असतो. एका तुकड्याच्या पायाला दोन कान, दुसऱ्याला मधे जाणारी एक जीभ, तिघांतून आरपार पिन आणि पिन निसटू नये म्हणून शेवटी सेफ्टी पिन. दोन ठिकाणी कातर बसते म्हणून पिनेला दुप्पट बळ मिळतं.

नव्या माणसाला वाटतं, पिन तुटेल. मलाही तसंच वाटायचं. एकदा हिशेब मांडला. पिन ८० मि.मी. ची, ईएन-२४ स्टीलची, हीट ट्रीटमेंट केलेली. तिचा यील्ड, म्हणजे ज्या ताणाला लोखंड कायमचं वाकायला लागतं तो, दर चौरस मि.मी. ला ६५० न्यूटन धरला आणि कातरेला त्याच्या ४० टक्के परवानगी, तर दोन्ही कातरी मिळून ती जवळपास २६६ टन घेते. आता जीभ बघा. ई-३५० ची प्लेट, ४० मि.मी. जाड. भोकाच्या काठावर पिन जिथं रुतते तिथं यील्डच्या ९० टक्के परवानगी धरली तरी ९७ टनच येतात. पिन मोठी करत बसलं तर काहीच हाती लागत नाही. कमजोरी प्लेटमध्ये असते. मग जिभेला दोन्ही बाजूंनी २० मि.मी. च्या गालाच्या प्लेटा लावल्या की जाडी ८० होते आणि हिशेब सुधारतो. भोकापासून काठापर्यंत किती माल सोडायचा, कान कापताना प्लेटचे धागे ओढीच्या दिशेनं ठेवायचे, गॅस कटिंगची कडक झालेली कड ग्राइंडरनं काढून टाकायची, हे सगळं त्याच वहीत आहे. ती वही मी अजून वापरतो.

२०१७ साली आम्ही चुकलो. पूर्ण एका मास्टच्या कानांची ऑर्डर होती. ड्रॉइंग माझंच. कान आम्ही इथंच बोअर करून, ८०.५ चं भोक अगदी आरशासारखं करून सुटे पाठवले. ते पायांना वेल्ड करायचे होते हैदराबादला. झाले, रंगले, मेहसाण्याजवळच्या यार्डात गेले. जोडणीच्या दिवशी मी आणि आमचा फिटर तिथंच होतो. पहिल्या सांध्याच्या तीन पिना बसल्या. चौथीला फिटर खाली वाकला, भोकात बोट घालून फिरवलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "बसंना गेली, दादा."

भोकं तीन मि.मी. सरकली होती. क्रेनवाल्यानं तुकडा उचलून बघितला, चेन ब्लॉक लावून ओढून बघितला. मग घण सुरू झाला. तासाभरात पिनेचं डोकं भुईछत्रीसारखं पसरलं, पिन अर्धी आत अडकली. यार्डातल्या एकानं गॅसची नळी आणली, भोक थोडं मोठं करू म्हणाला. मी नको म्हणालो. गॅसनं कापलेल्या भोकाची कड वाकडी आणि ठिसूळ होते, तडा तिथूनच निघतो, आणि त्या मनोऱ्यावर वर पंचवीसेक मीटरवर माणूस उभा असणार होता. उशीर आमच्या नावावर लिहा म्हणून सांगितलं. तो सांधा परत आला. त्या वर्षीचा सगळा नफा आणि घरातलं थोडं सोनं त्यात गेलं.

कारण समजायला वेळ लागला नाही. चाळीस मि.मी. च्या प्लेटवर वेल्ड थरांवर थर चढतं. प्रत्येक थर थंड होताना आकसतो आणि कानाला आपल्याकडं ओढतो. भोक कितीही नेमकं असलं तरी वेल्डिंग त्याला घेऊन जातं. म्हणून भोक सगळ्यात शेवटी. आज आम्ही पायाचे टोकाचे भागच शेडमध्ये आणतो. कान लहान भोक ठेवून लावतो, प्लेट गरम करून, भट्टीत सुकवलेल्या ई-७०१८ काडीनं वेल्ड करतो, ताण काढून घेतो. मग जिगवर, म्हणजे भाग नेमक्या जागी पक्का धरणाऱ्या चौकटीत, धरून दोन्ही कान आणि जीभ एकाच बारनं, एकाच सेटिंगमध्ये बोअर करतो. यासाठी २०१८ मध्ये जुनं हॉरिझॉन्टल बोअरिंग मशीन घेतलं, जागेवर जाऊन काम करायला फिरतं लाइन बोअरिंगही घेतलं. त्या जिगची चौकट बनवायला चार महिने लागले. शेडमधली सगळ्यात मोलाची वस्तू कोणती म्हणाल तर तीच.

तरीही एक गोष्ट राहिलीच होती. पुढच्या सेटची चाचणी जोडणी आम्ही आमच्याच अंगणात केली. सकाळी सहाला पिना हातानं सरकल्या. दुपारी दोनला त्याच पिना परत घालून बघितल्या तर वरच्या दोन अडल्या. ऊन वरच्या पायांवर, सावली खालच्यांवर. १२ मीटरच्या तुकड्यात पंधरा अंशांचा फरक पडला तर लोखंड दोन मि.मी. वाढतं. पिनेला मोकळीक आहे अर्ध्या मि.मी. ची. भोक मोठं करणं हा उपाय नाही, सैल सांधा उभ्या मनोऱ्यात खटखट करतो आणि महिन्याभरात भोक लांबट होतं. बोअरवेलच्या गाड्यांवर ते मी हजारदा पाहिलंय. उपाय पिनेच्या नाकात निघाला. पुढचं टोक लांब निमुळतं केलं, जेणेकरून ते आधी शिरतं आणि बाकीच्याला वाट करून देतं. शिवाय कानांच्या बाहेर जिभेला सरळ आणणारी एक उतरती पट्टी लावली. क्रेनवाला तुकडा खाली सोडतो आणि तो आपोआप जागेवर घसरत येतो. आमच्या कागदावर मी आता लिहूनच देतो, जोडणी शक्यतो सकाळी करा.

पिन कानापेक्षा कडक ठेवतो, दोन्ही सारख्या जातीचे असले की एकमेकांना चिकटून ओरखडे पडतात. ग्रीस लावल्याशिवाय पिन घालायची नाही. सेफ्टी पिनेला साखळी असते आणि साखळी कानाला वेल्ड केलेली नसते, वेगळ्या छोट्या पट्टीला असते, कारण ताण घेणाऱ्या कानावर फुकटचं वेल्ड नको. बैलगाडीची खीळ हरवली तर आबा बाभळीची फांदी तासून तात्पुरती घालायचे. मनोऱ्यावर असं कुणी तारेचा तुकडा घालून चालवू नये, म्हणून ही साखळी.

प्लेट कापण्याआधी तिच्यावरचा हीट नंबर, म्हणजे पोलाद कोणत्या घाण्यातलं ते सांगणारा आकडा, प्रत्येक कानावर पंचानं उतरवतो. हे काम आमच्या शेडमध्ये दोनच बायका करतात, दोघीही आमच्याच गावच्या, आणि गेल्या सात वर्षांत एक नंबर चुकलेला नाही. कोणता कान कोणत्या प्लेटमधून निघाला, त्या प्लेटचं सर्टिफिकेट कोणतं, वेल्ड कुणी केलं, तडे शोधायची मॅग्नेटिक पार्टिकल टेस्ट कधी झाली, हे एका फाइलमध्ये सापडतं. मास्टवर एपीआय ४एफ चं, म्हणजे अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मनोऱ्यांसाठीच्या मानकाचं, चिन्ह लावायचा हक्क मनोरा बनवणाऱ्या कंपनीचा असतो, आमचा नाही. पण त्यांचा तपासनीस आमच्याकडं येतो तेव्हा तीच फाइल मागतो. तो प्रत्येक वेळी वेल्डपेक्षा आधी भोकात बोट घालून बघतो. आमच्या फिटरसारखंच.

पैशांचं थोडक्यात सांगतो. लहान उद्योगाचं बिल ४५ दिवसांत द्यावं असा कायदा २००६ पासून आहे. एका मोठ्या गिऱ्हाइकानं आमचे पैसे सात महिने अडकवले, त्या काळात हीट ट्रीटमेंटवाल्याचं मी कुणाकुणाकडून उसने घेऊन भागवलं. आता नव्या गिऱ्हाइकाकडून स्टीलचे पैसे आगाऊ घेतल्याशिवाय प्लेट कापत नाही. दोन ऑर्डरी त्यामुळं गेल्या. जाऊ दिल्या.

आज आम्ही चौदा जण आहोत. मेहसाणा आणि अंकलेश्वरकडच्या यार्डांत आमचे सांधे फिरतात, काही आसामकडंही गेलेत. देशातली व्यापारी प्रमाणावर तेल देणारी पहिली विहीर तिकडंच, दिगबोईला. एकदा तिथं जाऊन यायचं मनात आहे.

सध्या अंगणात एक नवा सेट आडवा पडलाय. चार पाय, सोळा पिना. आबा आता ऐंशीच्या पुढं आहेत, काठी टेकत सकाळी शेडवर येतात आणि खुर्ची घेऊन त्या मास्टच्या शेजारी बसतात. काल त्यांनी एक पिन उचलायला मागितली. जड आहे, राहू द्या म्हणालो. तरी दोन्ही हातांनी मांडीवर घेतली, नाकावरून अंगठा फिरवला आणि विचारलं, "हिला उतार अजून थोडा लांब नाही का करता येणार?" मी व्हर्निअर लावून पाहिलं. दहा मि.मी. वाढवायला जागा आहे. उद्या पहाटे साडेपाचला पोरांना बोलावलंय, ऊन चढायच्या आत दोन पिना तशा करून घालून बघायच्या आहेत.