कोपनहेगनचे बंदर, अथेन्सच्या भिंतीवर

अथेन्सचे राष्ट्रीय कलादालन प्रदीर्घ नूतनीकरणानंतर २०२१ मध्ये पुन्हा खुले झाले. मी तिथे गेले ती मुख्यतः एका चित्रासाठी: इओआनिस आल्तामुरासचे ‘कोपनहेगनचे बंदर’. १८७४ मध्ये त्याने ते रंगवले, तेव्हा तो अवघा २२ वर्षांचा होता आणि अजून शिकतच होता. ग्रीसचा राजा पहिला जॉर्ज हा मूळचा डेन्मार्कचा राजपुत्र. त्याच्याच शिष्यवृत्तीवर हा मुलगा कोपनहेगनला जाऊन कार्ल फ्रेडरिक सोरेनसेन या सागरचित्रकाराच्या हाताखाली शिकू लागला.

चित्रात क्षितिज बरेच खाली आहे, त्यामुळे निम्म्याहून अधिक जागा ढगाळ आकाशाने व्यापली आहे आणि शिडांची जहाजे त्या आकाशाखाली लहान वाटतात. आकाशाची ही मांडणी उत्तरेकडच्या परंपरेतली, गुरूकडून आलेली आहे. पाण्यापाशी मात्र मी थबकले. दोन पावले मागे उभे राहिले की पाणी हलते आहे असे वाटते. जवळ गेले की लाट नाहीशी होते आणि उरतात ते केवळ मोकळ्या हाताने दिलेले रंगाचे आखूड फटकारे. हे पाणी त्याचे स्वतःचे आहे, असे मला मनापासून वाटते.

दुसऱ्या दिवशी पिरेयसहून बोटीने स्पेत्सेस बेटावर गेले. त्याची आई, चित्रकार एलेनी बुकुरा-आल्तामुरा, याच बेटावरची. इटलीत चित्रकला शिकता यावी म्हणून तिने पुरुषाचा वेष घेतला होता, असे सांगतात. मुलीपाठोपाठ मुलगाही क्षयाने गेला. १८७८ मध्ये, याच बेटावर, वयाच्या २६व्या वर्षी. त्यानंतर तिने आपली बरीच चित्रे जाळून टाकली, असेही म्हणतात.

दापिया धक्क्यावर जुन्या तोफा समुद्राकडे तोंड करून अजून उभ्या आहेत. तिथून चालत मी जुन्या बंदरात गेले. लाकडी होड्या बांधण्याचे काम तिथे आजही चालते. दुपारच्या उन्हात पाणी इतके नितळ होते की होडीचा दोर थेट तळापर्यंत गेलेला दिसत होता. कोपनहेगनच्या त्या करड्या पाण्यावर हात बसलेला हा मुलगा घरी परतला, तेव्हा हे निळे पाणी रंगवायला त्याच्याजवळ दोन-तीनच वर्षे उरली होती. परतीची बोट येईपर्यंत मी त्या दोराकडे पाहत बसले होते.