सोमवारच्या पंधरा दिवस आधी कायम रविवारच येतो

कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या सरकारी दवाखान्याची संध्याकाळची वेळ जूनमध्ये बंद केली. ऑक्टोबरमध्ये ती आठवड्यातले तीन दिवस परत सुरू झाली. मधल्या काळात काय काय झालं ते लिहितोय, कारण अजून चार ठिकाणची माणसं फोन करून 'तुम्ही नेमकं काय केलं' असं विचारतात आणि दर वेळी सांगताना माझं डोकं फिरतं. पेठेचं आणि कार्यालयाचं नाव लिहीत नाही. मला अजून त्याच टेबलावर जायचंय.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या, एक बाकडं आणि औषधाची खिडकी. सकाळी उघडतो, दुपारी बंद, संध्याकाळी पाच ते साडेसात परत. त्यातली संध्याकाळच महत्त्वाची. उद्यमनगरात लेथवर उभी असणारी आमच्यासारखी माणसं, मार्केट यार्डातले हमाल, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बायका, हे सगळे संध्याकाळचेच पेशंट. सकाळी जायचं तर अर्ध्या दिवसाचा पगार बुडतो. जूनच्या पहिल्या आठवड्यात दाराला कागद चिकटला: 'अपुरी रुग्णसंख्या व मनुष्यबळाअभावी सायंकाळचे सत्र पुढील आदेशापर्यंत बंद.' खाली सही होती, तारीख नव्हती.

तालमीत बैठक झाली. कोल्हापुरात बैठक म्हटलं की दोन पार्ट्या पडणारच. शहरातल्या टोलविरोधी आंदोलनात एन. डी. पाटील सरांच्या मागून चाललेली जुनी माणसं म्हणाली, दसरा चौकातून मोर्चा काढू, त्याशिवाय कुणी हलत नाही. आम्ही म्हणालो, एका दवाखान्याच्या अडीच तासांसाठी किती माणूस येणार? शेवटी निवेदन द्यायचं ठरलं. तीनशेच्या वर सह्या झाल्या. साहेबांनी हसत निवेदन घेतलं, फोटो निघाला, दुसऱ्या दिवशी पेपरात आला. त्यानंतर महिनाभर काहीच नाही.

कुणीतरी म्हणालं, सेवा हक्क कायदा आहे की. आहे, २०१५ चा आहे. पण तो अधिसूचित केलेल्या सेवांसाठी, म्हणजे दाखले, परवाने, नोंदी वगैरे ठरलेल्या मुदतीत मिळावेत म्हणून. दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा ठेवायचा, हे त्यात बसत नाही. यात आमचे आठ दिवस गेले, तुमचे घालवू नका.

माहिती अधिकाराचं काम मात्र सरळ झालं, म्हणून त्याबद्दल थोडक्यात. अर्जाला १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, आणि आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे मजकूर १५० शब्दांच्या आत. दारिद्र्यरेषेखालचा दाखला असेल तर ते १० रुपयेही लागत नाहीत. उत्तर ३० दिवसांत यायला हवं. आम्हाला अठ्ठाविसाव्या दिवशी आलं. त्यापेक्षा जास्त उपयोग झाला तो दुसऱ्याच गोष्टीचा. २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्ह्याच्या कार्यालयांत आणि स्थानिक संस्थांत दर सोमवारी दुपारी तीन ते पाच रेकॉर्ड बघू देतात. माझ्या वर्कशॉपला सोमवारची सुट्टी, हे माझं नशीब. मी आणि शेजारचा बी.कॉम.ला असलेला पोरगा जाऊन दवाखान्याचं रजिस्टर बघत बसलो. पेशंटची नावं आम्हाला नकोच होती, फक्त 'एकूण' हा रकाना वहीत उतरवून घेतला. त्यातच सगळं दिसलं. औषधाच्या खिडकीवरचा माणूस आदल्या दिवाळीत बदलून गेला, त्याच्या जागी कुणी आलं नाही, आणि पुढच्याच महिन्यापासून संध्याकाळचा आकडा घसरत गेला. डॉक्टर तपासून चिठ्ठी देणार, खिडकी बंद, गोळ्या बाहेरून विकत घ्या. मग कोण येईल? आधी औषध देणारा काढायचा, पेशंट कमी झाले की पेशंट कमी आहेत म्हणून कागद लावायचा.

एवढं हातात आल्यावर मला वाटलं, आता काम झालंच. कसलं काय. खरी रडकथा इथून पुढं, लोकशाही दिनाची.

लोकशाही दिन म्हणजे महिन्याच्या पहिल्या सोमवारी मोठे साहेब स्वतः बसून लोकांच्या तक्रारी ऐकतात. जिल्ह्याला आणि महापालिकांना पहिला सोमवार, तालुक्याला तिसरा. समोरासमोर ऐकतात आणि जागेवर शेरा मारतात, म्हणून आम्हाला तिथंच जायचं होतं. निवेदनाची नवी प्रत काढली, सह्यांची पानं जोडली आणि मी बारनिशीत, म्हणजे अर्ज-टपाल घेतात तिथं, गेलो. टेबलावरच्या भाऊसाहेबांनी पानं उलटली आणि सह्यांवर बोट ठेवलं.

"हे वैयक्तिक नाही."

"म्हणजे?"

"लोकशाही दिनात वैयक्तिक तक्रार घेतात. हे सामुदायिक आहे."

मला वाटलं, हा माणूस चेष्टा करतोय. लोकशाही दिन, आणि तिथं तीनशे लोकांनी मिळून केलेली तक्रार चालत नाही? पण त्यांनी ड्रॉवरमधून परिपत्रकाची झेरॉक्स काढली आणि दाखवली. कोणते अर्ज स्वीकारू नयेत याची यादी होती: कोर्टात असलेली प्रकरणं, अपिलं, नोकरीविषयक बाबी, विहित नमुन्यात नसलेले अर्ज, कागदपत्रं न जोडलेले अर्ज. आणि शेवटी, तक्रार वैयक्तिक स्वरूपाची नसेल तर. माणूस वाईट नव्हता, झेरॉक्सची एक प्रत मला काढून दिली. तुम्ही अशा कामाला निघालात तर पहिल्या दिवशी हीच यादी मागून घ्या. आम्ही ती महिनाभर उशिरा बघितली.

जुलै असा गेला. मग आम्ही तीनशेचे वेगवेगळे अर्ज करायला निघालो. तीनशे कुठले, एकवीस झाले. प्रत्येकाने स्वतःचं लिहायचं: माझं नाव अमुक, मला शुगर आहे, मी सातला घरी येतो, संध्याकाळी दवाखाना बंद असल्यानं मला गोळ्या मिळत नाहीत. सोबत पुरावा म्हणून केसपेपर. इथं अर्धी माणसं गळाली, कारण केसपेपर कोण जपून ठेवतं? पावसात भिजला, पोरानं होडी केली, खिशात धुतला गेला. विहित नमुना दोन प्रतींत. एकवीस गुणिले दोन, झेरॉक्सवाल्यानं शेवटच्या पाच प्रतींचे पैसे घेतले नाहीत. हे सगळं गोळा करून मी सोमवारी सकाळी साडेदहाला टेबलासमोर उभा राहिलो. त्या दिवसापासून लोकशाही दिनाला बरोबर दोन आठवडे होते.

भाऊसाहेबांनी कॅलेंडर बघितलं. "पंधरा दिवस आधी पाहिजे. हे चौदा झाले."

"काल द्यायला आलो असतो, पण काल रविवार होता."

"मग शुक्रवारी यायचं."

एवढं बोलून त्यांनी पुढच्या माणसाचा कागद घेतला. मी बाहेर जिन्यात बसलो आणि मोबाईलमध्ये महिने पुढं-मागं करून बघितले. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. पहिला सोमवार कुठल्याही तारखेला येऊ दे, त्याच्या पंधरा दिवस आधी कायम रविवारच येतो. आणि २०२० पासून सरकारी कार्यालयांना शनिवारची पण सुट्टी. म्हणजे कागदावरचे पंधरा दिवस प्रत्यक्षात सतरा आहेत. ज्यानं हा नियम लिहिला त्यानं भिंतीवर एकदा कॅलेंडर बघितलं असतं तर बरं झालं असतं. हे कुणीच सांगत नाही, म्हणून मी सांगतो: शुक्रवार. तोही दुपारच्या आत, कारण चारनंतर आलेलं टपाल दुसऱ्या दिवशी चढवतात आणि शिक्का त्या दिवशीचा पडतो.

शिक्क्यावरून आठवलं. पोच घेतली की तिथंच उभं राहून तारीख वाचायची. त्या शिक्क्याची तारीख रबराच्या छोट्या पट्ट्या अंगठ्यानं फिरवून लावावी लागते. एकदा माझ्या पोचवर महिना बरोबर आणि दिवस आठवडाभर मागचा होता. आमच्या फायद्याचा होता म्हणून मी गप्प बसणार होतो, पण आवक नंबर नंतर जुळला नसता. परत जाऊन दुरुस्त करून घेतला. शाई संपत आली असेल तर अक्षरंच उमटत नाहीत, तेव्हा न लाजता दुसऱ्यांदा मारायला सांगायचं.

ऑगस्टही गेला. पुढच्या खेपेला शुक्रवारी, अकरा वाजता, एकवीसच्या एकवीस अर्ज घेऊन गेलो. या वेळी मी घरून डबा घेऊन गेलो होतो, कशालाच नाही म्हणू द्यायचं नाही असं ठरवून. भाऊसाहेबांनी नमुना बघितला, बरोबर. केसपेपर बघितले, बरोबर. दिवस मोजले, बरोबर. मग संगणकावर काहीतरी टाइप केलं आणि म्हणाले, "या विषयावर तुमचं निवेदन आधीच दाखल आहे. कार्यवाही चालू आहे."

यादीत हेही होतं. ज्या विषयावर अंतिम उत्तर दिलंय किंवा देण्यात येणार आहे, त्याच विषयावर पुन्हा केलेला अर्ज घेत नाहीत. 'देण्यात येणार आहे' हे शब्द मी त्या दिवशी नीट वाचले. जूनमध्ये निवेदन दिलं, त्याला उत्तर नाही, म्हणून उत्तर देण्यात येणार आहे, म्हणून पुन्हा विचारता येत नाही. आणि उत्तर कधी देण्यात येणार, ते कुठंच लिहिलेलं नाही. त्या वेळी मी जे बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. शिपायानं पाणी आणून दिलं, एवढंच सांगतो.

मध्ये गणपती आले. तालमीतली सगळी पोरं मंडपात, वर्गणीत, मिरवणुकीत. सह्या गोळा करणारे ढोल वाजवत होते. मला तेव्हा त्यांचा राग आला होता, पण आरतीला उभं असतानाच तोडगा सुचला, त्यामुळं आता काय बोलणार. नियमात शब्द होता 'पुन्हा'. ज्यानं जूनच्या निवेदनावर सहीच केली नाही, त्याचा अर्ज 'पुन्हा' कसा होईल? म्हणजे ज्यांना आम्ही सही दिली नाही म्हणून शिव्या घातल्या होत्या, तीच माणसं आता सोन्याची झाली. शोधून सहा सापडली. त्यातल्या एक आमच्या गल्लीतल्या आक्का. वय सत्तरीच्या पुढं. सह्यांच्या वेळी त्या गडहिंग्लजला लेकीकडं होत्या.

आक्कांकडं केसपेपर आहेत का, असं विचारायला गेलो. त्यांनी देव्हाऱ्याखालच्या कप्प्यातून साडीच्या दुकानाची पिशवी काढली. त्यात गेल्या अकरा वर्षांचे केसपेपर होते, वर्षावार दोऱ्यानं बांधलेले. काहींच्या कडांना हळदीचे डाग, काहींवर गोळीच्या रिकाम्या पाकिटाचा तुकडा टाचणीनं लावलेला, पुढच्या वेळी तीच गोळी मागता यावी म्हणून. मागच्या दिवाळीनंतरच्या प्रत्येक कागदावर डॉक्टरांच्या अक्षराखाली एकच शेरा: 'औषध उपलब्ध नाही.' आम्ही दोन सोमवार बसून रजिस्टरमधून जे उतरवलं होतं, ते या बाईच्या पिशवीत आधीच होतं.

शुक्रवारी आक्कांना रिक्षानं घेऊन गेलो. भाऊसाहेब नेहमीप्रमाणं म्हणाले, "याच विषयाचा अर्ज आधी झालाय."

आक्का म्हणाल्या, "म्या कवा केला हुता? मी तर लेकीकडं हुतो. दाखवा की माझा अंगठा."

त्यांनी सह्यांची पानं काढली, आम्ही सगळे मिळून शोधलं. नव्हता. शिक्का पडला. मी तारीख वाचली.

सुनावणी चार-पाच मिनिटांची झाली. साहेबांनी आधी आमच्या आकड्यांचा कागद बघितला आणि बाजूला ठेवला. मग आक्कांनी पिशवी टेबलावर ओतली. साहेब एक-एक गठ्ठा उचलून शेरे वाचत गेले, मग आरोग्याकडच्या माणसाला उभं केलं आणि विचारलं, खिडकीवर माणूस का नाही? त्यांनी पद रिक्त असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दवाखान्यातला माणूस आठवड्यातून तीन संध्याकाळ इकडं पाठवा, असा शेरा तिथल्या तिथं लिहिला गेला. मी आकड्यांसाठी एवढे सोमवार घालवले होते, पण खरं सांगायचं तर काम पिशवीनं झालं. तरी आकडे घेऊन जा, ते नसते तर आरोग्यवाल्यांनी रुग्णसंख्येचंच तुणतुणं वाजवलं असतं.

आता सोमवार, बुधवार, शुक्रवार पाच ते साडेसात खिडकी उघडते. दारावरचा जूनचा कागद अजून तसाच आहे, त्याच्या खाली पेनानं वार लिहिलेत.

मंगळवार आणि गुरुवारसाठी मला अर्ज करता येत नाही, माझा विषय झाला. आक्कांचाही झाला. बाकीच्या पाचांचाही. पेठेत अजून या विषयावर सही किंवा अर्ज न केलेली माणसं कोण उरलीत, त्याची यादी वहीत काढतोय. नऊ निघालीत. त्यातला एक शाहूपुरीत राहायला गेलाय, पण त्याचं रेशनकार्ड अजून इथलंच आहे.