तुम्ही विचारलंत म्हणून: गाडी परत खाली का आणली?

वॉचमनने विचारलं, मेव्हण्याने विचारलं, बी विंगमधल्या कॉलेजच्या पोरांनी तर तीनदा विचारलं. "दादा, काय भारी दिसायची तुमची मारुतीची जिमनी! परत खाली का आणली?" आजवर मी "बायको ओरडली" म्हणून सुटत आलो. ती बिचारी कधीच ओरडली नव्हती. उंच करून घेतलेली गाडी परत पहिल्यासारखी का केली, ते आता एकदाच काय ते लिहून टाकतो, म्हणजे लिफ्टमध्ये पुन्हा सांगायला नको.

गाडी 2023 ची, मॅन्युअल. तिच्यात काही खोट नव्हती. खोट माझ्या घाईत होती. आधी दोन इंचाची लिफ्ट (म्हणजे स्प्रिंगांपाशी गाडी उचलून घेणं), मग तीस इंची टायर, आणि क्राऊन-पिनियनचा, म्हणजे चाकांना जोर पोचवणाऱ्या गिअरच्या जोडीचा, विचार "नंतर बघू" या खात्यात. ज्याच्याकडे काम केलं तो म्हणाला, "साहेब, गिअर कोण बदलतं? पिकअप थोडा मरतो, सवय होते." त्याला दोष देणार होतो, पण खरं सांगायचं तर मला तेच ऐकायचं होतं.

लिफ्टने गाडीचं अंग वर जातं. अ‍ॅक्सल (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) आणि त्यावरचा डिफरन्शियलचा, म्हणजे त्या गिअरच्या जोडीचा, फुगवटा आहे तिथेच राहतो. दगडाला आपटतो तो हाच. तो वर जातो फक्त टायरने, आणि तोही व्यासात जेवढी वाढ होते त्याच्या निम्मा. कंपनीचा 195/80 R15 टायर 693 मिलिमीटरचा, माझा 762 चा. म्हणजे एवढ्या सगळ्या खटाटोपात कमाई साडेचौतीस मिलिमीटर. दोन इंच लिफ्टचं काम एवढंच, की मोठा टायर मडगार्डला घासू नये. हे मला पैसे मोजल्यावर कळलं.

आणि टायर दहा टक्के मोठा म्हणजे गिअर दहा टक्के उंच, गाडीची ओढ तेवढी कमी. मॅन्युअल जिमनीचा अ‍ॅक्सल रेशो 4.09 (चाक एकदा फिरायला इंजिनाकडून येणारा दांडा 4.09 वेळा फिरतो), तो आता 3.72 असल्यासारखा वागतो. पूर्वीसारखी गाडी हवी तर साधारण 4.5 चं क्राऊन-पिनियन लागतं, तेही मागे आणि पुढे दोन्हीकडे. एकाच अ‍ॅक्सलला बदललं तर फोर-व्हीलमध्ये पुढची चाकं एक म्हणणार, मागची दुसरंच. इंजिनाचा जोर 134 न्यूटन-मीटर, आणि तोही 4000 आरपीएमला. तिथवर पोचायला रस्ता मोकळा हवा. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्याला मोकळ्या रस्त्याबद्दल मी काय सांगणार!

जुलैची गोष्ट. वसईहून मावशीकडून परत येत होतो. आई शेजारी, मागे बायको, मुलगी आणि मावशीने दिलेल्या केळ्यांचा घड. घोडबंदर रोडवरच्या गायमुखच्या चढावर सगळं ठप्प. पाऊस असा, की वायपर नुसता पाणी इकडचं तिकडे करत होता. पुढचा ट्रेलर चार फूट सरकायचा, थांबायचा. मी हाफ क्लचवर चार फूट चढायचो, थांबायचो. पाऊण तास हेच. आधी आईने पदर नाकाला लावला. मला वाटलं ट्रेलरचा धूर. मग मुलगी म्हणाली, "बाबा, काहीतरी जळतंय." पुढच्या वेळी क्लच सोडला तर इंजिन ओरडतंय आणि गाडी जागची हलत नाही. हललीच ती मागे. बारीकशी, वीतभर. आरशात टँकरचा बंपर, त्यावरच्या लिंबू-मिरच्या मोजता येतील इतका जवळ. हँडब्रेक ओढला. टँकरचा क्लीनर पावसात उडी मारून आला आणि न विचारता मागच्या चाकाला दगड लावला. मग खिडकीशी येऊन म्हणाला, "टायर मोठे टाकलेत ना? उतरवा पोरीला." एवढंच.

आईला उतरवायचं तर स्टूल हवा. गाडी उचलल्यापासून तिच्यासाठी एक निळा प्लास्टिकचा स्टूल डिकीत असायचा. तो होता केळ्यांखाली. त्या पावसात, हॉर्नच्या गदारोळात, मी केळी उपसून स्टूल काढतोय आणि माझी बहात्तर वर्षांची आई दार धरून एक पाय हवेत ठेवून उभी आहे. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता तुम्ही म्हणाल, फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा, सगळ्यात हळू आणि ताकदीचा गिअर) टाकायचं होतं. हो, टाकायचं होतं! सरळ चढ, ओला रस्ता, गाडी आरामात सरकली असती. सुचलं नाही. आणि हाफ क्लचची सवय माझी वीस वर्षांची, ती काही टायरने लावली नाही. त्यामुळे दोष टायरचाच होता असं मी छातीठोक म्हणत नाही. क्लचची प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, तिन्ही गेली हे मात्र खरं.

मायलेज पडल्याची ओरड मीही केली. पंधराचं बारा. पण मोठ्या टायरवर ओडोमीटर दहा टक्के कमी मोजतो, म्हणजे खरे तेरा. स्पीडोमीटर ऐंशी दाखवायचा तेव्हा गाडी अठ्ठ्याऐंशीला असायची, आणि लिफ्टने कॅस्टर (पुढच्या चाकांचा, स्टिअरिंग सरळ ठेवणारा कल) गेल्यामुळे स्टिअरिंग हातात सैल, ते वेगळंच.

आरटीओचं? कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे, त्यावर 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. हे मला आधीही माहीत होतं. "सगळेच करतात" हेही माहीत होतं. अपघात झाला असता तर विमा कंपनीने यातलं कुठलं ऐकलं असतं, हा विचार त्या चढावर आला. त्याआधी येऊरच्या पायथ्याशी फोटो काढताना आला नव्हता.

तरी सांगतो, त्या उंचीवरून रस्ता वेगळा दिसायचा. मला ती गाडी आवडायची. अजून आवडते.

परवा 235/75 R15 टायरचा भाव विचारला. 733 मिलिमीटर, जेमतेम सहा टक्के जास्त. ऑटोमॅटिक जिमनीचं क्राऊन-पिनियन 4.3 चं असतं, ते दोन्हीकडे बसवलं तर पाच टक्के भरून निघतात. फक्त भाव विचारला. स्टूल अजून डिकीतच आहे.