एक लाख पाच हजार डॉलरचा फरक

‘या इलेक्ट्रिकल सबकॉन्ट्रॅक्टवर अजून किती रक्कम देणं बाकी आहे?’ एवढाच प्रश्न आम्ही एजंटला, म्हणजे स्वतः माहिती मागवून उत्तर देणाऱ्या एआय सहायकाला, विचारला होता. उत्तर आलं ६,८५,००० डॉलर. खरं उत्तर होतं ५,८०,०००.

चाचणीसाठी भरलेला प्रकल्प होता, त्यामुळे नुकसान कुणाचंच झालं नाही. पण लॉग, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याची नोंद, उघडला तेव्हा मी चक्रावले. एजंटने दोन टूल, म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधून माहिती आणून देणारी साधनं, वापरली होती आणि दोन्ही सुरळीत चालली होती. एरर नाही, डेटाबेसमधला एकही आकडा चुकीचा नाही, बेरीज-वजाबाकीही बिनचूक. तरीही उत्तर चुकलं होतं.

मी पुण्यात टेक्निकल रायटर आहे. आमचं सॉफ्टवेअर अमेरिकेतले बांधकाम कंत्राटदार वापरतात: करार, चेंज ऑर्डर (करार झाल्यावर कामात आणि रकमेत होणारे बदल), बिलं, सगळं त्यात. आजवर माझं डॉक्युमेंटेशन वाचणारे प्रोग्रॅमर असायचे. त्यांना शंका आली की ते मेल करायचे, जुना कोड चाळायचे, शेजारच्याला विचारायचे. नोव्हेंबर २०२४मध्ये अँथ्रॉपिकने एआयला बाहेरच्या सॉफ्टवेअरशी जोडणारा मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल सगळ्यांसाठी खुला केला आणि पुढे आमच्याकडेही जुन्या एपीआयवर (दुसऱ्या प्रोग्रॅमना आमच्या सॉफ्टवेअरशी बोलता यावं म्हणून ठेवलेल्या मार्गावर) एजंटसाठी टूल बांधायचं काम सुरू झालं. एजंटला टूलविषयी जे कळतं ते मुख्यतः तीन गोष्टींतून: टूलचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कुठल्या रूपात पाठवायची याचा आराखडा. आमचं शेकडो पानांचं मॅन्युअल आपोआप त्याच्यासमोर येत नाही. वर्णनात जे नाही, ते तो अंदाजाने भरून काढतो.

आणि आमची वर्णनं काय होती? एकाचं ‘कराराचे तपशील मिळवते’, दुसऱ्याचं ‘करारावरील चेंज ऑर्डरची यादी मिळवते’. जुन्या एपीआयच्या पानावरून तशीच्या तशी आलेली.

आमच्या गटात एक सर आहेत, आधी बरीच वर्षं साइटवर बिलिंग इंजिनिअर होते. मी लॉग घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी कागद ओढला आणि अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सच्या जी७०२ या बिलाच्या फॉर्ममध्ये ओळी ज्या क्रमाने येतात त्याच क्रमाने आकडे मांडायला घेतले. मूळ करार १२,४०,०००. मंजूर चेंज ऑर्डर ६०,०००. म्हणजे आजचा करार १३,००,०००. झालेलं काम ८,००,०००, त्यावर दहा टक्के रिटेनेज, म्हणजे बिलातून राखून ठेवलेली रक्कम, ८०,०००. आपल्याकडे चालू कामाच्या (आरए) बिलातून रिटेन्शन कापतात तसंच. ते वजा जाता ७,२०,०००. तेरा लाखांतून हे गेले की उरतात ५,८०,०००, आणि या बाकीत रिटेनेजही आलं.

‘आता तुझा एजंट कुठे घसरला ते बघ,’ सर म्हणाले.

करार देणाऱ्या टूलमध्ये ‘रक्कम’ नावाचं एकच फील्ड होतं आणि त्यात १३,००,००० होते, मंजूर बदल धरूनच. एजंटने तो आकडा मूळ कराराचा समजला. मग चेंज ऑर्डरची यादी मागवली आणि ती सगळीच्या सगळी त्यात मिळवली. त्यामुळे मंजूर झालेले ६०,००० दोनदा मोजले गेले आणि अजून मंजुरीच न मिळालेले ४५,०००ही आत आले. फरक एक लाख पाच हजारांचा.

‘मॅनेजरने हा आकडा धरून पैशांची जुळवाजुळव केली तर?’ मी विचारलं.

‘त्याहून वाईट उलटं झालं तर. बाकी कमी दिसली आणि बिल अडकलं, तर खालच्या ठेकेदाराला मजुरांचा आठवड्याचा पगार वाटता येत नाही. मी पाहिलंय ते.’

त्या वाक्यानंतर ते काम माझ्यासाठी नुसतं फील्डची यादी लिहिण्याचं उरलं नाही.

दुपारी डेव्हलपरांबरोबर बसलो. त्यांची हरकत रास्त होती. एजंटला एका वेळी ठरावीकच मजकूर समोर ठेवता येतो, त्यात टूलची वर्णनं जागा खातात, प्रत्येक टूलला पानभर मजकूर जोडला तर मूळ प्रश्नासाठीच जागा आखडते. मी म्हटलं, मग अर्धं काम डेटालाच करू द्या. ‘रक्कम’ काढून टाकून तीन फील्ड केली: मूळ करार, मंजूर बदल, आजचा करार. वर्णनात एवढंच उरलं की आजच्या करारात मंजूर बदल आधीच धरलेले आहेत, पुन्हा मिळवू नयेत. आणि चेंज ऑर्डरच्या यादीत मंजूर, प्रलंबित, नामंजूर असे सगळेच बदल येतात, तेव्हा स्थिती पाहूनच बेरीज करावी. यादी पानापानाने येते, पुढचं पान असेल तर तेही मागवावं, हेही घातलं.

मालकाने मुख्य कंत्राटदाराशी केलेला करार आणि मुख्य कंत्राटदाराने पोटकंत्राटदाराशी केलेला करार यांची सरमिसळ होऊ नये म्हणून पैसे कुणाकडून कुणाकडे जातात ते प्रत्येक टूलच्या पहिल्याच वाक्यात आणलं. माझ्या मते हे पहिल्या दिवसापासून तिथे असायला हवं होतं.

सर्वांत जास्त वेळ गेला तो रिकाम्या यादीवर. वापरणाऱ्याला एखादा करार पाहायची परवानगी नसेल तर टूल एरर देत नाही, रिकामी यादी देतं. एजंट ती वाचून ‘या प्रकल्पावर करार नाहीत’ असं खात्रीने सांगून मोकळा. एक डेव्हलपर म्हणाला की सुरक्षेसाठी ते तसंच हवं, कारण करार आहे हेसुद्धा नको त्याला कळता कामा नये. बरोबर आहे. म्हणून वाक्य असं बसवलं: ‘रिकामी यादी म्हणजे करार नाहीत असं नव्हे, तुम्हाला दिसतील असे करार सापडले नाहीत, एवढंच सांगावं.’

संध्याकाळी तोच प्रश्न पुन्हा विचारला. उत्तर आलं ५,८०,०००, आणि खाली वेगळ्या ओळीत: ४५,०००चे बदल मंजुरीच्या प्रतीक्षेत, यात धरलेले नाहीत. बरं वाटलं, खूपच. सरांनी मात्र लगेच पुढचा प्रश्न टाकला, ‘रिटेनेज कधी सुटणार?’

एजंटने तारीख सांगितली. काम पूर्ण होण्याची अंदाजे तारीख उचलून तीच दिली होती. पण रिटेनेज कधी सोडायचं हे करारातल्या कलमांवर आणि त्या त्या राज्याच्या कायद्यावर ठरतं, आणि आमच्या टूलमध्ये त्याचं फील्डच नाही. कलमं वाचून दाखवणारं टूल अजून बांधायचं आहे. तोवर मी वर्णनात आणखी एक ओळ घातली, की रिटेनेजची तारीख इथे मिळत नाही, कराराचा दस्तऐवज पाहायला सांगावं. ती ओळ घेऊन सर पुन्हा तोच प्रश्न टाइप करायला बसले.