तुम्ही विचारलंत म्हणून: दहापैकी किती?

माझा मावसभाऊ आणि मी एका खोलीत असलो की तिसरं माणूस हे विचारतंच: 'डॉक्टर हू'च्या एकेका गोष्टीला दहापैकी गुण देत तुम्ही दोघं एवढं तावातावानं भांडता कशाला? आवडलं तर बघावं, नाही तर बंद करावं.

ज्यांनी मालिका पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. निळ्या पोलीस बॉक्समधून काळात हिंडणारा एक परग्रहवासी, नाव फक्त डॉक्टर. नट बदलायचा झाला की पात्र मरता मरता नवं शरीर घेतं, म्हणून १९६३ साली बीबीसीवर सुरू झालेलं हे प्रकरण अजून संपलेलं नाही. यात 'गोष्ट' म्हणजे एका किंवा अनेक भागांत पुरं होणारं एक कथानक. (पहिल्या गोष्टीचा दिग्दर्शक वारिस हुसैन, जन्म लखनौचा, तेव्हा वय अवघं २४. हे मी कुणी न विचारताही सांगते.)

गुणांचा नाद आम्ही लावून घेतलेला नाही, तो या मालिकेच्या चाहत्यांचा जुनाच आहे. 'डॉक्टर हू मॅगझीन'नं २००९ साली वाचकांकडून तोवरच्या सगळ्या २०० गोष्टींना दहापैकी गुण मागवले. पहिली आली 'द केव्हज ऑफ अँड्रोझानी', अगदी तळाला 'द ट्विन डायलेमा'. आणि या दोन्ही गोष्टी मार्च १९८४ मधल्या, एकीच्या पाठीला लागून दुसरी. माझ्या मते सगळ्या भांडणाचं मूळ इथंच आहे. माणूस गुण देतो तेव्हा ते नेमके कशाला देतो, हे खोदून काढल्याशिवाय आकडा ऐकण्यात मजा नाही.

'केव्हज'मध्ये डॉक्टर आणि त्याची सोबतीण पेरी पहिल्याच भागात एका विषारी गोळ्याला हात लावून बसतात. पुढे बंदुकांची तस्करी, दगाबाज उद्योगपती, मुखवट्याआडचा जळका चेहरा, सगळं आहे. डॉक्टरला त्यातल्या कशाशीच देणंघेणं नाही, पोरीचा जीव वाचला पाहिजे एवढंच. उतारा शेवटी एकापुरताच उरतो आणि तो तिला पाजतो. उद्योगपती मॉर्गस मधूनच थेट कॅमेऱ्याकडे वळून मनातलं बोलतो, संगीत नाटकातल्या स्वगतासारखं. नटाचा सूचना वाचताना गैरसमज झाला होता, पण दिग्दर्शक ग्रॅम हार्परला ते इतकं आवडलं की तसंच ठेवलं. गुहेतला राक्षस मात्र रबरी, बघवत नाही असा. त्याचा अर्धा गुण मावसभाऊ कापतो. साडेनऊ. मी दहा देते.

मग पुढच्याच आठवड्यात 'ट्विन डायलेमा'. भडक रंगांचा कोट घातलेला नवा डॉक्टर पहिल्याच भागात पेरीचा गळा दाबतो. जिच्यासाठी जीव दिला तिचाच! त्यावर ते वर्षाचं सत्रही संपलं, आणि प्रेक्षक पुढच्या जानेवारीपर्यंत तोच गळा आठवत बसले. मावसभावाचं म्हणणं, याहून रटाळ गोष्टी ढिगानं आहेत, हिला मार पडला तो आधीच्या गोष्टीमुळे. हे मला पटतं. तरी गुण दोनच, कारण रटाळही आहेच.

याहून गंमत म्हणजे कुणाला दिसत नसलेल्या भागांनाही लोक गुण देतात. साठच्या दशकातल्या कितीतरी टेप बीबीसीनं पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रती टाकून दिल्या. त्यातले नव्वदहून जास्त भाग गायब झाले ते झालेच. आवाज तेवढा सगळ्यांचा शिल्लक आहे, कारण तेव्हाच्या काही पोरांनी घरी टीव्हीचा आवाज टेपरेकॉर्डरवर धरून ठेवला. आवाज, थोडे फोटो आणि म्हाताऱ्या मंडळींच्या आठवणी, एवढ्यावर दहापैकी आठ! 'टूम ऑफ द सायबरमेन' अशीच हरवलेली महान गोष्ट होती. हाँगकाँगमध्ये तिचे चारही भाग सापडले आणि १९९२ मध्ये कॅसेट आली, तेव्हा लोकांना त्यातल्या करामतींसाठी बांधलेल्या तारासुद्धा दिसल्या. मला ती अजूनही आवडते, पण दंतकथेचे गुण वजा करून.

'द एनिमी ऑफ द वर्ल्ड'चं नेमकं उलटं. सहापैकी एकच भाग हाती होता आणि तो नेमका सगळ्यात ढिला. चाहत्यांनी दशकानुदशकं त्या एका शितावरून भाताची परीक्षा केली. २०१३ साली नायजेरियातून बाकीचे भाग मिळाले, आणि तेव्हा डॉक्टर झालेल्या पॅट्रिक ट्राउटननं नायक आणि खलनायक दोन्ही काय झकास वठवलेत ते कळलं. गोष्ट भराभर वर चढली.

आमचं खरं वाजतं ते 'द टॅलन्स ऑफ वेंग-चियांग'वरून. १९७७ ची, २००९ च्या यादीत चौथी. व्हिक्टोरियन लंडन, धुकं, रंगभूमी, संवाद तर असे की पुन्हा पुन्हा ऐकावेत. आणि मधोमध चिनी जादूगार म्हणून डोळ्यांना मेकअप फासलेला गोरा नट. मावसभाऊ म्हणतो, काळ बघ ना. मी म्हणते, बघते की, पण मग १९८४ च्या रबरी राक्षसाला काळाची सवलत का नाही? यावर तो पाणी प्यायला उठतो.

आणि 'डीमन्स ऑफ द पंजाब', २०१८. डॉक्टरची सोबतीण यास्मिन आपल्या नानीच्या तरुणपणात जाते तर तो ऑगस्ट १९४७, रॅडक्लिफ रेषा जाहीर व्हायची वेळ. मुसलमान उम्ब्रीन, हिंदू प्रेम, लग्न लावायला खुद्द डॉक्टर (या वेळी डॉक्टर बाई आहे). लेखक विनय पटेल. मावसभावाचे गुण सहा: चित्रीकरण स्पेनमधलं, ते डोंगर पंजाबचे वाटत नाहीत, आणि परग्रहवासी उगाच घुसडलेत. डोंगरांचं मान्य. पण परग्रहवासी उगाच? एकेकाळचे मारेकरी आहेत ते, आता जे एकटे मरतात त्यांच्याजवळ शेवटपर्यंत उभं राहणं एवढंच काम करतात. प्रेमला गोळी लागते तेव्हा डॉक्टर पाठ फिरवून चालत असते, कारण इतिहासात ढवळाढवळ करता येत नाही. तिथं थांबायला कुणी नको? फाळणीत मेलेल्या किती जणांजवळ कुणी होतं? हे काढून टाक, मग उरते ती हिंदी सिनेमात शंभरदा पाहिलेली प्रेमकथा.

हा वाद मागच्या दिवाळीपासून चालू आहे. परवा त्याचा फोन आला, नमस्कार-चमत्कार काही नाही, एकदम म्हणाला, "पुन्हा बघितला. सात." मी म्हटलं, आठ तरी दे. तर म्हणे, "एक गुण डोंगरांचा, तो काही मी देणार नाही."