पोटरीतल्या ज्वारीचे डोहाळे

पुण्या-मुंबईकडून सोलापुरात आलेले स्नेही मला दर मार्गशीर्षात विचारतात की, वेळ अमावस्या हा तुमचा सुगीचा सण असेल, तर ज्वारी शेतात हिरवीगार उभी असताना मेजवानी कसली?

प्रश्न रास्त आहे आणि माझ्या मते सणाचा उगम त्यातच सापडतो. आमच्याकडची मालदांडी ज्वारी उत्तरा-हस्त नक्षत्रांच्या सुमारास पेरतात, काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर ती वाढते आणि काढणीला माघ-फाल्गुन उजाडतो; मार्गशीर्ष अमावस्येला ती पोटरीत असते, म्हणजे कणीस अजून पानाच्या आवरणात असते, नाहीतर नुकती निसवलेली, म्हणजे कणीस बाहेर पडलेली असते. पोटरीतले पीक म्हणजे गर्भार पीक, आणि गर्भारणीचे डोहाळे पुरवायचे असतात.

नावाचा वेळेशी संबंध नाही. सीमेपलीकडे याच दिवसाला एळ्ळु अमावास्ये म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. त्याचे आमच्या तोंडी येळवस झाले आणि लिहिणाऱ्यांनी ते शुद्ध करून वेळ केले. एळु म्हणजे सात, म्हणून ही सातवी अमावस्या, असेही सांगतात. पण चैत्रापासून मोजल्यास ती नववी भरते.

गेल्या सालच्या कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारून तिच्यात चुना लावलेले पाच दगड मांडतात. त्यांना पांडव म्हणण्याची रीत आहे. ती कथा मला मागाहून चिकटलेली वाटते, कारण नैवेद्यात जे असते ते सगळे रानातले असते. सोलाणे, वाटाणा, तूर, पावटा, मेथी असे जे कोवळे हाती लागेल ते चिंचेच्या कोळात शिजवून, बेसन लावून घट्ट केलेली भज्जी. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, आणि ज्वारीच्या पिठात ताक घालून आंबवलेली आंबील. आंबिलीचे मडके आमच्याकडे आदल्या रात्रीच भरून ठेवत, आणि सकाळी तोंडाला पांढरे फडके बांधून ते डोक्यावरून शेतात नेत. रस्त्यात कोणी त्याला हात लावायचा नाही.

पूजेनंतर ‘ओलगे ओलगे सालम पोलगे’ म्हणत वडील तीच आंबील पिकावर शिंपडत फिरत. एका वर्षी शेजाऱ्याशी बांधावरून बोलणे बंद होते, तरी त्याच्या ज्वारीवरही त्यांनी चार थेंब टाकले. का, असे मी विचारले तेव्हा ‘पोटुशी आहे ती’, एवढेच म्हणाले.